बोगद्याच्या छताशी लाल पट्टा आलाय, फोरमन म्हणतो खडक चांगला आहे

मानेवाडाकर:
नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, सिव्हिलचा डिप्लोमा. सध्या सह्याद्रीत एका बोगद्यावर शिफ्ट बघतो. खडक काळा, कडक बेसाल्ट. पण फेसवर, म्हणजे खोदाईच्या पुढच्या टोकाला, छताच्या जरा खाली वीतभर जाडीचा लाल पट्टा दिसायला लागलाय आणि नेमकं त्याच्या वरच्या कडेने पाणी ठिबकतं. जिऑलॉजिस्ट रजेवर आहेत. फोरमन म्हणतो, "हातोडा ठणकन वाजतो, बोल्ट मारा नि चला." (बोल्ट म्हणजे खडकात बसवायच्या पोलादी सळया.) शिवाय पोर्टलच्या (बोगद्याच्या प्रवेशद्वाराच्या) कटिंगमागे, वर जमिनीत बोटभर भेग पडली आहे. काय करू?

सेमिनरी_हिल्सचे_काका:
बाबू, ठणकन वाजतो तो बेसाल्ट. पट्ट्यावर हातोडा मारून पाहा म्हणावं. तो बोल आहे, दोन लाव्हा थरांच्या मधला मऊ थर. कोरडा असताना बरा दिसतो, पण हवा-पाणी लागलं की सुटायला लागतो. वरच्या बेसाल्टच्या सांध्यांतून (खडकातल्या नैसर्गिक भेगांतून) उतरलेलं पाणी बोलवर अडतं, म्हणून ठिबक तिथेच. खालचा आधार झिजला आणि वर उभे सांधे असले की छतातली अख्खी शिळा निखळते.

मकिंग (फुटलेला दगड उचलणं) आणि स्केलिंग (सैल दगड पाडणं) झालं की त्याच शिफ्टमध्ये शॉटक्रीट (फवारून मारायचं काँक्रीट) मारून पट्टा झाकून टाक. उद्यावर ठेवू नको. त्याआधी पाण्याला वाट म्हणून ड्रेन होल्स घे, नाहीतर पाणी शॉटक्रीटच्या मागे साचेल. बोल्ट पट्टा ओलांडून वरच्या घट्ट खडकात रुतला पाहिजे. पट्ट्यातच संपलेला बोल्ट फक्त बिलात दिसतो. ब्लास्टचा पुल (एका स्फोटात पुढे जायची लांबी) कमी करायला सांग आणि पुढचा खडक कळावा म्हणून प्रोब होल मार.

अजून एक, हे फार कुणी सांगत नाही. आपले लाव्हा थर जवळपास आडवे, आणि बोगद्याला चढ-उतार असतो. चढ ५० ला १ असेल, तर छताच्या १ मीटर वर लपलेला बोल ५० मीटर खोदल्यावर डोक्याशी येतो. म्हणून रोजच्या फेसवर पट्ट्याची उंची मोजून लांबीच्या नकाशावर मांड. वर सरकतोय की खाली, हे कळलं की पुढचा महिना कसा जाणार तेही कळतं.

उमरेडवाला_ओपनकास्ट:
राजेहो, बोगद्याचं काकांनी सांगितलं, मी भेगेचं सांगतो, उघड्या खाणीत आमचं रोजचं काम आहे ते. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि प्रत्येक शिफ्टला टेपने अंतर लिहा. भेग किती रुंद आहे यापेक्षा तिचा वेग वाढतोय का ते बघा. आज २ मिमी वाढ, उद्या ५, परवा १२ असं चाललं, तर खालून माणसं आणि मशीन काढा, चर्चा नंतर. भेग चिकणमातीने बुजवा, वरच्या अंगाला पाणी वळवणारी चर काढा. आणि कटिंगचा पायथा तर अजिबात खोदू नका; पोकलेनवाल्याला तोच मोह होतो.

मानेवाडाकर:
काका, फेस पुढे गेल्यावर मागचा भाग सुरक्षित समजायचा का? तिथे भिंती सरकतात का याचं रीडिंग आता कुणी घेत नाही.

सेमिनरी_हिल्सचे_काका:
मुळीच नाही. १२ नोव्हेंबर २०२३ ला उत्तराखंडात सिलक्याराला बोगदा कोसळला तो फेसवर नव्हे, मागे खोदून झालेल्या भागात. ४१ कामगार आत अडकले आणि २८ नोव्हेंबरला बाहेर आले. म्हणून मागच्या भागातली टार्गेटं (भिंतींवरच्या मोजणीच्या खुणा) काढू देऊ नको. दोन भिंतींमधलं अंतर स्थिर झालंय असं रीडिंगमध्ये दिसेपर्यंत मोजणी चालू ठेव. आणि हे सगळं तोंडी सांगू नको, शिफ्ट रजिस्टरमध्ये लिही, खाली फोरमनची सही घे. सहीची वेळ आली की भलेभले "थांबा, साहेबांना विचारतो" म्हणतात.

मानेवाडाकर:
आज रात्रपाळी माझीच आहे. शॉटक्रीट मशीन आधीच फेसजवळ आणून ठेवतो. पट्टा मोजून उद्या उंची टाकतो इथे.