शिकून लढाईवर गेलात, घरी कसे परतलात? अनुभव लिहा

माहुलीकर: काल पुतण्याला सोडायला माहुलीला स्टेशनवर गेलो. शेजारी एक पोरगा, काळी लोखंडी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नाव-नंबर. सगळं आठवलं. १९९७ ला साताऱ्यातून बी.एस्सी., मग सीडीएस, म्हणजे लष्करी अधिकारी व्हायची परीक्षा, आणि चेन्नईची ओटीए, म्हणजे अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी. १९९९ च्या जूनमध्ये कारगिलच्या लढाईत द्रासला, बोफोर्स तोफेवर.

गणपतीला रजेवर आलो तेव्हा कानांना दडे बसलेले, बोलायचो ते ओरडूनच. आईला वाटलं, पोरगा आपल्यावर चिडलाय. चार दिवस ती गप्प. शेवटी वडिलांनी पाटीवर लिहून विचारलं, ऐकू येत नाही का रे? मी मान हलवली, तशी आई पिठाच्या हातांनीच रडायला लागली. गावात मात्र सगळ्यांचा एकच प्रश्न, किती मारले?

कृष्णाकाठ: दादा, वाचून डोळे भरले. आमचे अण्णा सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचे. ६२ च्या चीन युद्धानंतर इमर्जन्सी कमिशन, म्हणजे तातडीच्या भरतीत अधिकारी झाले, ६५ च्या लढाईला पंजाबात. परत येऊन हायस्कुलात गणित शिकवलं. लढाईबद्दल अवाक्षर नाही. पण रोज रात्री कडी लावण्याआधी आम्हा भावंडांची डोकी मोजायचे. पाहुणे असले तर तेही मोजायचे.

अपशिंगेकर: मी अपशिंगे मिलिटरीचा. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण कामी आले, गावात स्मारक आहे. धाकटा बी.ए. करून सीडीएसला बसलाय. आई त्याला पेपरचं काही विचारत नाही, जेवलास का एवढंच.

पेढेवाली: ट्रंकेवरून आठवलं, पुणे-जम्मू झेलम एक्सप्रेसमध्ये बसायला जागा नसली की ट्रंकच बाकडं! भाऊ निघाला की आई त्यात कंदी पेढे न् शेंगदाण्याची चटणी भरायची. पेढे पुण्यातच संपायचे.

माहुलीकर: चटणी आमच्याकडे जम्मूपर्यंत पुरायची ताई.

वाळव्याची सून: आमचे हे सांगलीच्या वालचंद कॉलेजचे इंजिनिअर, सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, २००१-०२ ला पाकिस्तान सीमेवर फौजा उभ्या केल्या तेव्हा, राजस्थान सीमेवर आधी सुरुंग पेरले, मग तेच काढले. युद्ध झालंच नाही, म्हणून लोक म्हणतात, तुमचं काय ते. काढताना त्यांचा एक जवान गेला. घरी आल्यावर उसात निघाले की बैलगाडीच्या चाकोरीतूनच चालायचे, बांधावर पाय टाकायचे नाहीत. सासरे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून तेही चाकोरीतूनच, यांच्या पुढे चालायला लागले.

कृष्णाकाठ: वहिनी, अजून चालतात का हो तसे?

वाळव्याची सून: पावसाळ्यात, चाकोरी दिसेनाशी झाली की थांबतात. मग मी पुढे होते.