शब्दचर्चा : ‘मार्केट टाउन’, ‘पीस हॉल’ आणि ‘फोरस्टॉल’

प्रश्न : इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्स गावाच्या अठराव्या शतकातल्या व्यापारावरचा लेख मराठीत आणते आहे. ‘मार्केट टाउन’ला ‘बाजारपेठ’ लिहिलं आणि ‘पीस हॉल’ला ‘तुकड्यांचे सभागृह’. दुसरं माझं मलाच खटकतंय.

उत्तर : ‘बाजारपेठ’ही नको. पेठ हा गावाचा एक भाग. इथे सबंध गावाबद्दल बोलणं चाललंय. त्याच शतकातल्या आपल्या मराठी कागदांत ‘मौजे’ आणि ‘कसबे’ हा भेद आहे. मौजे म्हणजे शेतीचं खेडं. कसबे म्हणजे जिथे बाजार भरतो आणि आसपासची खेडी ज्याच्याकडे येतात ते गाव. ‘कसबा’ लिहा, अगदी चपखल बसतो.

‘पीस’ म्हणजे तुकडा नव्हेच. विणकर घरच्या मागावर विणून बाजारात आणत ते अख्खं कापड, आपलं ठाण. ‘तागा’ही चालेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत हिंदुस्थानातून जाणाऱ्या कापडाला ‘पीस गुड्स’ म्हटलंय, तो ‘पीस’ही हाच. आणि सभागृह कसलं? १ जानेवारी १७७९ ला ती वास्तू उघडली. मध्ये आभाळाखाली मोकळा चौक, चारी बाजूंना ओवऱ्या आणि त्यामागे ठाणं मांडायच्या ३१५ खोल्या. मी ‘ठाणबाजार’ लिहीन.

प्रश्न : ‘ठाणबाजार’ फार आवडला! आता ‘फोरस्टॉल’. कोशात ‘आधीच प्रतिबंध करणे’ आहे. धान्य विकायला निघालेल्या शेतकऱ्याच्या वाक्यात ते बसत नाही.

उत्तर : कोशातला अर्थ नंतरचा. मुळात तो बाजारातला गुन्हा : माल बाजारात पोचण्याआधीच वाटेत गाठून विकत घ्यायचा. भाव चौघांसमोर ठरावा, गोरगरिबाला धान्य थेट मिळावं, यासाठी ती बंदी होती. १५५२ चा त्याबद्दलचा कायदा १७७२ मध्ये रद्द झाला, तरी इंग्लंडमधल्या न्यायालयांच्या निवाड्यांतून चालत आलेल्या रूढ कायद्यानुसार (‘कॉमन लॉ’) तो गुन्हा १८४४ पर्यंत टिकला.

आणखी एका वाचकाचा प्रश्न : आमच्याकडे ‘शिवार खरेदी’ म्हणतात, ते चालेल का?

उत्तर : जवळचं आहे, पण शिवार खरेदीत व्यापारी शेतावर जातो. इथे गाडी कसब्याच्या वाटेला लागलेली आहे. शिवाय शिवार खरेदी म्हटलं की गुन्ह्याचा वास येत नाही. एकाच शब्दाचा हट्ट सोडा आणि ‘माल वाटेतच उचलणे’ असं सरळ लिहा.