पुरासाठीचं मातीचं धरण: पावसाळ्यात भरायचं की रिकामं ठेवायचं?

तितूरकाठ: गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर पूर अडवायला मातीचं धरण व्हावं, असं ग्रामसभेत ठरतंय. लगेच मागणी आली, काठोकाठ भरू द्या, विहिरींना पाझर लागेल. माझा याला विरोध आहे. ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नड घाटात पाऊस कोसळला, तितूर आणि डोंगरी नद्या चाळीसगावात घुसल्या. आमच्या गोठ्यात कमरेएवढं पाणी. म्हशीचं दावं ताणून आवळलेलं, गाठ सुटेना, विळा सापडेना. शेवटी खुंटाच हलवून हलवून उपटला. दोन वासरं गेली.

भरलेलं धरण पूर अडवत नाही, वरून येईल ते सांडव्यावरून, म्हणजे जादा पाण्याच्या वाटेने, खाली येतं. पोट रिकामं असेल तरच लोंढा मावतो. म्हणून तळाशी कायम उघडी मोरी हवी. रोजचं पाणी निघून जाईल, मोरीत न मावणारं तेवढं मागे तुंबेल आणि सावकाश ओसरेल. अमेरिकेत ओहायोत १९१३ च्या महापुरानंतर अशी ५ मातीची धरणं बांधली, १९२२ पर्यंत पुरी केली. दारं नाहीत. मागच्या जमिनीत शेती होते.

लिंबूबाग: भाऊ, वासरांचं ऐकून जीव तुटला. पण २०१९ च्या मे महिन्यात माझ्या विहिरीत बादली खडकावर आपटायची. लिंबाची ४० झाडं मी स्वतःच्या हाताने तोडली. गिरणा धरणातून पाळीने सुटणाऱ्या कालव्याच्या पाण्याकडे डोळे लावून बसणाऱ्याला सांगून बघा, धरण रिकामं ठेवा म्हणून! पांझरा नदीवर फडाचे, म्हणजे सामाईक पाटपाण्याचे, बंधारे बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांनी पाणी असं सोडून दिलं नाही.

तितूरकाठ: दादा, फडाचा बंधारा पाणी पाटात वळवतो, साठवत नाही. पूर त्याच्या डोक्यावरून जातो, आणि तो दगडी आहे. मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं तर?

मुरूम_पिचिंग: तर भिंत वाहून जाते. मी आयुष्यभर अशा कामांवर होतो. रत्नागिरीतलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, माणसं गेली. तुम्ही दोघं पाण्यावर भांडताय, सांडव्याची रुंदी कोणी विचारली नाही. आणि तितूरकाठ, तुमची उघडी मोरी पहिल्याच पुरात तुंबेल. बांधावर रचलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या, सगळं तोंडाशी येऊन बसतं. मग रिकामं धरण एका रात्रीत भरलं म्हणून समजा. तोंडावर उंच, तिरकी जाळी घ्या, ती दर पावसानंतर साफ करा. भरावावर बाभूळ उगवली की लहान असतानाच उपटा. मुळं कुजली की पाण्याला वाट मिळते.

तितूरकाठ: पऱ्हाट्यांचं खरंच डोक्यात नव्हतं. जाळी मान्य.

लिंबूबाग: मग मोरीला दार बसवा. सप्टेंबरअखेर बंद करा, परतीचा पाऊस साठवा. माझं मत तुम्हाला.

तितूरकाठ: दार नको, दादा. जुलैत पंधरा दिवस उघडीप पडली, कपाशी माना टाकायला लागली, की सगळं गाव दार बंद करायला धावेल. त्या दिवशी मीही असेन त्यात. आणि ऑगस्टमध्ये घाटात ढग फुटला तर चिखलात ते दार उघडायला कोण उतरणार?