मदत हवी आहे: घरी फोनिक्स (अक्षरांचे आवाज जोडून इंग्रजी वाचायची पद्धत) शिकवायला कोणता प्रोग्राम घेऊ?

माझी लेक साडेचार वर्षांची आहे, एबीसीडी तोंडपाठ आहे पण 'कॅट' वाचायला दिलं की 'सी, ए, टी' म्हणून थांबते, नाहीतर चित्र बघून अंदाजाने काहीतरी सांगते. काल मात्र एकेका अक्षरावर बोट ठेवत प्‌-इ-न्‌ असे आवाज जोडून 'पिन' वाचलं आणि इतकी खूश झाली ना, म्हणून आता नीट क्रमाने शिकवायचंय. जॉली फोनिक्समध्ये ४२ आवाज आहेत, सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन पासून, प्रत्येकाला हाताची ॲक्शन, ते मला आवडलंय. लेटरलँडमध्ये अक्षरांची कॅरेक्टर्स आहेत, हिला गोष्टींचं भारी वेड. घरी कोणी शिकवलंय का यातलं? मुलं पुढे स्वतःहून पुस्तक वाचायला लागली का? प्लीज सांगा.