ब्राउझर बंद केला की अडते लॉगआउट होतात. लॉगिन टिकवायचं कसं?

प्रश्न:
नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी संत्र्याच्या आवकेची नोंद ठेवणारं वेब ॲप केलं आहे. पहाटे गाड्या लागतात, एका हातात वजनाची चिठ्ठी, अन् फोन पुन्हा पासवर्ड मागून राहिला! ब्राउझर बंद केला की कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली साइटची छोटी नोंद) गायब. कुकीत थेट युजर आयडी ठेवला तर चालेल का?

उत्तर:
नाही भाऊ, तसं अजिबात करू नका. कुकीतला आकडा बदलला की दुसऱ्या अडत्याचा हिशेब उघडेल. मुदत न दिलेली कुकी सेशनपुरतीच असते. मॅक्स-एज (कुकीची मुदत) २५९२००० सेकंद द्या, म्हणजे ३० दिवस. कुकीत फक्त लांबलचक रँडम टोकन (अंदाज न येणारी खूण), डेटाबेसमध्ये त्याचा हॅश (ज्यावरून मूळ टोकन काढता येत नाही असं रूप). एचटीटीपी-ओन्ली (पानावरच्या स्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही), सिक्युअर (कुकी फक्त एचटीटीपीएसवरूनच जाते), सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या बहुतेक विनंत्यांसोबत कुकी जात नाही) हे तिन्ही लावाच.

प्रश्नकर्ता:
मुदत सरळ दहा वर्षं दिली तर?

दुसरं उत्तर:
क्रोम ४०० दिवसांच्या वर जाऊच देत नाही. अन् गाळ्यावरचा फोन मालक, मुनीम, पोरगा सगळेच हाताळतात, ३० दिवस पुरे. लॉगआउटला नुसती कुकी पुसू नका, सर्व्हरवरचं टोकनही उडवा. नाहीतर कॉपी केलेली कुकी चालूच राहते. बँक खातं बदलताना मात्र पासवर्ड पुन्हा मागा. शेतकऱ्याचा पैसा आहे तो.