मदत हवी आहे: दमट हवेत ओरिगामीचा आकार टिकवायला कागदाला काय लावता?

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीत राहते. पावसाळा लागला की माझ्या ओरिगामी प्राण्यांच्या घड्या सुटू लागतात. हत्तीची सोंड लोंबते, हरणाचे पाय फाकतात. कागद ओलावा शोषतो, तंतू फुगतात आणि घडी सैल पडते, एवढं कळतं. उपाय हवा आहे.

जपानी ओरिगामी कलाकार आकिरा योशिझावा यांची ओल्या घडीची पद्धत मी जाड ड्रॉइंग पेपरवर वापरते. कागद किंचित दमट केला की त्यातली खळ मऊ होते आणि वाळल्यावर आकार धरते. फार सुंदर गोलाई येते! पण पातळ लोकता (नेपाळी) किंवा कोझो (जपानी) अशा हातकागदात मुळात खळ कमी, त्यामुळे तिथे हे जमत नाही. अशा कागदाला आधी मिथाइल सेल्युलोज (खळीसारखा चिकट पदार्थ) लावून तो काचेवर वाळवतात. त्याची पूड गरम पाण्यात नुसती पसरते, पाणी गार झाल्यावरच विरघळते.

माझे प्रश्न असे: पातळ कागदासाठी पुडीचं प्रमाण किती ठेवता? ती थोडक्यात, पाव किलोपर्यंत, कुठे मिळते? आणि मुख्य म्हणजे, ती पाण्यात विरघळणारी असल्याने आमच्याकडच्या जुलैत पुन्हा मऊ पडते का? वरून पातळ फेव्हिकॉल किंवा अ‍ॅक्रिलिक वार्निशचा हात देणाऱ्यांनी चकाकी आणि रंग फुटण्याबद्दलही सांगावं. गव्हाची खळ नको, तिला कसर लागते.

कोकणात किंवा गोव्यात राहून हे करणारं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.