कथा सुरू होते, पण संपत नाही: लिहायची सवय कशी लावलीत? (ठाणे-नवी मुंबईकरांचा सल्ला हवा)

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. राहायला नौपाडा, नोकरी कोपरखैरणेला. कथा लिहिते, म्हणजे खरं तर कथांच्या सुरुवाती लिहिते. मोबाइलमध्ये ढीग साठलाय. पहिली दोन पानं झपाझप होतात, मग गाडी अडते आणि तेवढ्यात दुसरंच काहीतरी सुचतं. 'रोज हजार शब्द लिहा' हा सल्ला इंटरनेटवर उदंड. डबे, सासूबाईंची औषधं, मुलाचा अभ्यास उरकल्यावर हजार शब्द कोण लिहितं हो?

तुम्ही नेमकं कधी, कुठे लिहिता? अर्धवट राहिलेली कथा शेवटाला कशी नेता? आणि या पट्ट्यात एकमेकांचं वाचून खरं बोलणारी मंडळी आहेत का? 'छान', 'मस्त' म्हणणारा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे माझ्याकडे, तसला नको.

एका कथेचा पहिला परिच्छेद देतेय. बिनधास्त फाडा.

'सकाळची वेळ होती. ठाणे स्टेशनवर नेहमीप्रमाणे प्रचंड गर्दी होती. जणू माणसांचा महासागरच उसळला होता. सुमनच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं. नोकरी सोडतेय हे आज बाबांना सांगायचंच, असं तिने ठरवलं होतं.'

घोडबंदर_ट्रॅफिक
माझ्या नावावरून कळलंच असेल की मला वेळच वेळ आहे, फक्त बसायला जागा नाही. उभ्याने टाइप होत नाही म्हणून व्हॉइस टायपिंग करतो. फोन कानाला लावून बोलल्यासारखं करायचं, बसमध्ये कुणी वळूनही बघत नाही. विरामचिन्हांचा पत्ता नसतो आणि अर्धे शब्द भलतेच उमटतात, त्यामुळे वर्णनं यात करू नका. संवाद मात्र झकास उतरतात, कारण ते खरंच बोललेले असतात. त्याच रात्री साफ करून ठेवायचं. दोन दिवस गेले की आपण काय बोललो होतो ते आपल्यालाच लागत नाही.

चरईकर
ताई, बरीच वर्षं मुद्रितशोधन केलंय, त्यामुळे आधी परिच्छेदच घेतो.

'प्रचंड गर्दी', 'महासागर', 'काहूर' हे सगळं आयतं आलेलं आहे, तुमचं नाही. सकाळी ठाण्याला गर्दी असते हे वाचकाला ठाऊक आहे. त्या गर्दीत सुमन काय करते ते ठाऊक नाही. बाबांना सांगायचंय ना? मग ती फोन हातात घेऊन नुसती बघत बसलीय का? आलेली गाडी मुद्दाम सोडते का? काहूर माजलेलं माणूस स्टेशनवर कसं उभं राहतं, ते लिहा. काहूर मग आपोआप कळेल. आणि पाच वाक्यांत पाच वेळा 'होती-होता-होतं' आलंय. मोठ्याने वाचलंत तर लगेच खटकेल.

आता शेवट. कथा अडते तेव्हा आपण म्हणतो, पुढचं सुचत नाही. बहुतेक वेळा पुढचं नाही, मागचंच ठरलेलं नसतं. सुमनला नोकरी सोडायचीय हे कळलं. पण बाबांना कळलं तर तिचं काय जाणार? पैसे? त्यांचा विश्वास? की त्यांच्याच ओळखीने लागलेली नोकरी आहे? हे तुम्हाला माहीत नसेल तर तिसऱ्या पानावर गाडी थांबणारच. ते कथेत लिहायची गरज नाही, तुम्हाला माहीत हवं.

हजार शब्दांचं सोडून द्या. रोज तीच कथा उघडायची, एवढाच नियम. एक वाक्य झालं तरी चालेल, आदल्या दिवशीचं एक खोडलंत तरी चालेल. नवीन काही सुचलं की वहीच्या मागच्या पानावर एका ओळीत टाकायचं आणि परत यायचं. आणि उठण्याआधी उद्याचं पहिलं वाक्य ठरवून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाकडे बघत बसावं लागत नाही.

जाता जाता: 'बाबा म्हणाले' आणि 'आई म्हणाली' हे आपण सवयीने लिहितो. पण तुमची कथा बाबांच्या तरुणपणात गेली तर तिथे ते 'म्हणाले' की 'म्हणाला'? निवेदन कुणाच्या जवळून चाललंय त्यावर ते ठरतं. आधी ठरवून घ्या. चांगल्या चांगल्या कथांत मधेच आदरार्थी गळून पडतं आणि लेखकाच्या गावीही नसतं.

नेरुळची_माऊ
वाचनखूण साठवली!

पण काका, रोज तीच कथा उघडायची हे मला मान्य नाही. मला तर त्या कथेचा वीट येतो. माझ्या एका वेळी दोन चालू असतात. एक रुसली की दुसरी. दोनच हं, तिसरी सुरू करायची नाही.

लिहिते कुठे म्हणाल तर मुलीच्या कथकच्या क्लासबाहेर, चपलांच्या रॅकशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत. आत 'ता थेई थेई तत' चालू असतं. घरात टेबल आहे, पण तिथे बसले की कुकर, बेल, कुरिअर. क्लासबाहेर मला कुणी हाक मारत नाही, एवढंच त्या जागेचं वैशिष्ट्य.

कथा संपवायला मला फक्त तारीख लागते. आपल्याकडे दिवाळी अंक १९०९ पासून निघतायत, लिहिणाऱ्याला याहून चांगला धाक कुठला? अनेक अंक उन्हाळ्यापासून साहित्य मागवायला लागतात आणि पावसाळ्यात मुदत संपते. गणपतीत जागं होणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. आपणच मेमध्ये एक अंक निवडायचा, मागच्या दोन-तीन वर्षांचे त्याचे अंक वाचायचे, कोणत्या धाटणीच्या, केवढ्या कथा घेतात ते बघायचं आणि त्या बेताने लिहायचं. परत आली तर आली. पूर्ण झालेली कथा तर हातात राहते.

दिवाळेगावचा
ठाणे-नवी मुंबईतल्या कथा लिहिणाऱ्यांना एक विनंती. आगरी-कोळी पात्र आणलं की 'पाणी'चं 'पानी' आणि 'काळा'चं 'काला' करून बोली झाली असं समजू नका. ण-ळ बदलून आमची आजी उभी राहत नाही. ती मासळीच्या टोपलीपाशी एक बोलते, बँकेत साहेबासमोर वेगळं बोलते आणि नातवाशी तिसरंच. नातू तिला अर्धं मराठी, अर्धं हिंदी उत्तर देतो. जाऊन बसा, ऐका, मग लिहा. ऐकायला जमत नसेल तर बोली अजिबात वापरू नका. साध्या मराठीत लिहा, आम्हाला राग नाही. राग येतो तो आजी फक्त विनोदाला आणली की.

चरईकर
दिवाळेगावचा, शंभर टक्के. आणि हे नियमात बसतं का असा प्रश्न पुष्कळांना पडतो म्हणून सांगतो. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतच पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा आहे. गोंधळ निवेदनात होतो. एका पानावर 'तिने केले', दुसऱ्यावर 'तिनं केलं'. दोन्ही चालतं, पण एका कथेत एकच ठेवा. सगळं लिहून झाल्यावर एक फेरी नुसती यासाठी मारा.

खाडीकाठ
काका, पुन्हा लिहिलं. नोकरी बाबांच्याच ओळखीने लागलीय असं ठरवलं.

'नऊ नंबरला वाशी लागली होती. सुमनने ती सोडली. पुढची पनवेल, तीही सोडली. "चढायचं नाय तर बाजूला हो ना," मागून कुणीतरी ढकललं, तशी ती इंडिकेटरखाली जाऊन उभी राहिली. फोन वाजला. "पोचलीस का?" बाबांनी विचारलं. "हो, आत्ताच कार्ड पंच केलं," ती म्हणाली. खोटं बोलताना तिला फार अपराधी वाटलं.'

घोडबंदर_ट्रॅफिक
अहो हे तर वाचावंसं वाटतंय! त्या दोन गाड्यांनी काम केलं.

चरईकर
शेवटचं वाक्य काढा. कार्ड पंच केल्याची थाप इतकी तपशीलवार आहे की अपराधी वाटणं त्यातच आलं.

आता गंमत बघा. ठाणे स्टेशनवर उभं राहून फोनवर 'ऑफिसात आहे' म्हणतेय, म्हणजे मागे अनाउन्समेंट चालू असणार. बाबांनी ती ऐकली का? ऐकून 'बरं, जेवून घे वेळेवर' एवढंच म्हणून फोन ठेवला असेल तर? घरी गेल्यावर कोण आधी बोलणार, हा प्रश्न आता तुमच्या हातात आहे. तुमचं तिसरं पान मला तिथे दिसतंय.

खाडीकाठ
अगं बाई. हे डोक्यातच आलं नव्हतं. ऐकलं आणि बोलले नाहीत, असंच ठेवते. उद्या कामावर जाताना लिहायला घेते. गाडी ठाण्याहूनच सुटते म्हणून जाताना बसायला मिळतं, येताना मात्र नशीब.

ते गटाचं कुणी सांगेल का?

नेरुळची_माऊ
आम्ही काही जणी-जण महिन्यातून एकदा वाशीत एकीच्या घरी बसतो. पद्धत अशी: कथा लेखकाने वाचायची नाही, दुसऱ्याने मोठ्याने वाचायची. वाचणारा जिथे अडखळेल तिथे वाक्य बिघडलेलं असतं, वाद घालायची सोयच नाही. मग प्रत्येकाने फक्त दोन गोष्टी सांगायच्या: कुठे लक्ष उडालं आणि कुठे पुढे काय होईल असं वाटलं. 'मी असतो तर असं लिहिलं असतं' याला बंदी. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं, विशेषतः पुरुष मंडळींना. :)

घोडबंदर_ट्रॅफिक
निषेध! (तोंड न उघडता नोंदवला आहे.) मला येता येईल का?

चरईकर
घरात जागा नसलेल्यांसाठी: ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे आणि आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. सभासद व्हा. लिहिणाऱ्याने कथासंग्रह नुसते वाचू नयेत. आवडलेल्या कथेचं पहिलं आणि शेवटचं पान हाताने उतरवून काढावं. वेळखाऊ काम आहे, पण लेखकाने काय सांगितलं नाही ते उतरवतानाच लक्षात येतं.

नेरुळची_माऊ
खाडीकाठ, घोडबंदर, दोघांनाही पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. कथा आदल्या आठवड्यात पाठवा, युनिकोडमध्ये आणि वर्ड फाइलच. पीडीएफवर आम्हाला खुणा करता येत नाहीत. आणि अर्धी कथा घेत नाही, पूर्ण हवी.